वाढणाऱ्या पिना

मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नमधल्या आमच्या मराठी मंडळींत नवीन कुणी भेटलं की दुसराच प्रश्न असतो, "कुठल्या बँकेच्या प्रोजेक्टवर?" इथे आलेला प्रत्येक जण आयटीत असणार, हे धरूनच चाललेलं असतं. मी म्हणते, "मी पोलाद तपासते." समोरची बाई "अरे वा" म्हणते आणि कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवते. एवढ्यावर माझा विषय संपतो. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "ताई, तुमच्या कामाबद्दल लिहा ना, पण आम्हाला कळेल असं," तेव्हा मला इतका आनंद झाला की माझा नवरा मिलिंद घाबरून म्हणाला, "अगं, शब्दमर्यादा असते अंकाला." युनिव्हर्सिटीत शिकणारी आमची लेक अन्वी वर न बघताच म्हणाली, "ममा, प्लीज डोन्ट स्टार्ट विथ ऑस्टेनाइट."

तर सुरुवात ऑस्टेनाइटपासून.

आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी देतो, ते तुम्ही पाहिलं नसलं तरी ऐकलं असेल. कोयता लालभडक तापवायचा आणि चर्रकन पाण्यात बुडवायचा, की पातं कडक होतं. आम्ही हीट ट्रीटमेंटवाले तेच करतो. फक्त भट्टी कॉम्प्युटरवर चालते आणि पाण्याऐवजी बहुतेकदा तेल असतं. पोलाद लाल असतं तेव्हा त्यातले अणू एका ठरावीक मांडणीत असतात. त्या मांडणीला म्हणायचं ऑस्टेनाइट. झटक्यात थंड केलं की ती मोडून दुसरी तयार होते, तिचं नाव मार्टेन्साइट. सगळा कडकपणा या मार्टेन्साइटचा. पण सगळंच ऑस्टेनाइट काही बदलत नाही. थोडं आहे तसंच मागे राहतं, आणि या मागे राहिलेल्याचा हिशेब ठेवणं हे माझं आयुष्यभराचं काम.

यात खरी गंमत अशी की अणू तेवढेच, वजन तेवढंच, पण मार्टेन्साइटला जागा जास्त लागते. मेलबर्नच्या एअरपोर्टवर तुमची बॅग उघडून कुणी पापड-लोणची तपासली असतील तर तुम्हाला हे लगेच पटेल. नागपूरला आईने गच्च बसवलेलं सामान आपण परत भरायला गेलो की तेच सामान त्याच बॅगेत मावत नाही, वर बसावं लागतं. मागे राहिलेलं ऑस्टेनाइट थंडीने, दाबाने किंवा नुसत्या काळाने कधीतरी बदलतं आणि पोलादाचा तुकडा फुगतो. फुगतो म्हणजे किती? तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही, बोटांना कळणार नाही. पण जिथे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाचंही भांडण असतं, तिथे तेवढ्याने आकाश कोसळतं.

त्याला सरसकट शिव्याही घालू नका. गिअरमध्ये, बेअरिंगमध्ये थोडं ऑस्टेनाइट आम्ही मुद्दाम ठेवतो. पुढे सरकणारा बारीक तडा त्याच्यापाशी येऊन अडतो. "झीरो ऑस्टेनाइट पाहिजे" असं फोनवर दरडावणारे ग्राहक मला भेटतात, तेव्हा मी आधी विचारते की वस्तू कसली आहे. नको तिथे नको आणि हवं तिथे हवं, एवढं एका वाक्यात सांगून झालं की पुढे तासभर मी तेच समजावत असते.

नको असेल तर ते घालवायचा सरळ उपाय म्हणजे तेलातून काढल्या काढल्या पोलाद आणखी थंड करायचं. आमच्या धंद्यातले फ्रीझर शून्याखाली ऐंशीच्या आसपास जातात. एकदा हौसेने सुऱ्या बनवणारा एक गृहस्थ लॅबमध्ये आला. "मी पण फ्रीझ करतो," असं मोठ्या अभिमानाने सांगत होता. कुठे, असं विचारल्यावर म्हणाला, घरच्या फ्रीझरमध्ये, मटारांच्या पाकिटाखाली. मी त्याला म्हटलं की मटार छान राहतील. तो इतका हसला, की पुढे त्याने मला एक सुरी आणून दिली. आमच्या घरी कांदा अजून तिनेच चिरतात.

आता स्टावची गोष्ट सांगते. ती आठवली की आजही मला खुर्चीत बसवत नाही.

स्टाव म्हणजे स्टाव्रोस. साठी ओलांडलेला ग्रीक माणूस, आडव्या बांध्याचा, भुवया इतक्या दाट की त्यांत पेन्सिल अडकावी. कॅम्पबेलफील्डमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो ग्राइंडिंग करायचा. ग्राइंडिंग म्हणजे फिरत्या दगडावर घासून वस्तूला शेवटचं माप देणं. आमच्या लॅबमध्ये त्याच्या नावाचा दबदबा होता, कारण त्याच्या हातून आलेलं माप आम्ही पुन्हा तपासायचो ते केवळ नियम म्हणून. एका सकाळी तो फोन न करताच लॅबमध्ये आला. हातात ऑलिव्हचा जुना पत्र्याचा डबा, आणि डब्यात तेलकट कागदात गुंडाळलेल्या, करंगळीएवढ्या चकचकीत पिना.

"एक्सरेवाली बाई तूच ना?"

"हो, मीच."

"मग ह्यांचा एक्सरे काढ. कोणीतरी खोटं बोलतंय, आणि तो मी नाही."

मी त्याला बसवलं, कॉफी दिली. झालं होतं ते असं. या पिना दूर ब्रिस्बेनपलीकडच्या टूवूंबाच्या एका पंप कारखान्यात जायच्या. शेतात औषध फवारणाऱ्या पंपात ही पिन एका नळीसारख्या स्लीव्हमध्ये मागे-पुढे सरकते. दोघांमधली फट इतकी कमी, की पिन जेमतेम सरकावी. स्टावकडून निघताना प्रत्येक पिन मापात असायची. टूवूंबाच्या गोडाऊनमध्ये काही आठवडे पडून राहिली की त्यातल्या काही पिना स्लीव्हमध्ये शिरायलाच तयार नसायच्या. काही तर पंपात बसल्यावर, ऐन फवारणीत अडकल्या. कारखान्याचा क्वालिटी मॅनेजर वेन याने मापं घेतली तर पिना जाड. त्याने वर्कशॉपच्या मालकाला पत्र लिहून कळवलं की तुमच्या माणसाचं वय झालंय, त्याला मापं नीट घेता येत नाहीत.

मालकाने स्टावला सांगितलं होतं की हे महिनाअखेरपर्यंत निस्तरलं नाही तर मशीनवर दुसरा माणूस बसेल आणि स्टावने पॅकिंगला जायचं. ग्रीसहून आल्यापासून हा माणूस त्या एका मशीनवर उभा होता. त्याला खोक्यांना चिकटपट्टी लावायला बसवणार होते, आणि तेही माप चुकतं म्हणून.

"पोलाद तपासलं का कोणी?" मी विचारलं.

"तपासलं. दुसऱ्या लॅबने. ते म्हणतात, पोलाद चांगलं आहे. तुम्ही लोक काय ते ऑस्टे... म्हणता, ते त्यात नाहीच."

पोलाद निर्दोष म्हटल्यावर दोषी उरला एकटा स्टाव.

मी एक पिन उचलून दिव्याखाली धरली. आरशासारखी होती. स्वतःचं नाक दिसत होतं मला त्यात. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! त्या लॅबने एक्सरे कुठे घेतला असेल? ह्याच चकचकीत पृष्ठभागावर. आमच्या एक्सरेची रीत साधी आहे. प्रत्येक मांडणी किरणांना आपापल्या ठरलेल्या कोनांतून परत फेकते. आलेखावर टेकड्या उभ्या राहतात, काही मार्टेन्साइटच्या, काही ऑस्टेनाइटच्या, आणि त्यांचं क्षेत्रफळ ताडून कोण किती ते काढायचं. पण हे किरण फार खोल जात नाहीत. त्यांना दिसते ती नुसती कातडी. आणि कातडीवर तर स्टावचा दगड फिरलेला! त्या रगडण्यानेच वरच्या थरातलं ऑस्टेनाइट बदलून गेलेलं असणार. म्हणजे त्या लॅबने पोलाद मोजलंच नव्हतं, त्यांनी स्टावचं ग्राइंडिंग मोजलं होतं.

"स्टाव, मला ह्याची साल काढावी लागेल," मी म्हटलं.

तो ताडकन उठला. "माझ्या फिनिशची?"

"तुझ्या फिनिशची."

तो नाराजीने पुन्हा बसला. साल काढायची म्हणजे परत घासायचं नाही, नाहीतर तोच घोळ. पिन एका द्रावणात धरून वीज सोडायची, की वरचा थर दाब न पडता अलगद विरघळतो. थोडी काढली, एक्सरे घेतला. ऑस्टेनाइटची टेकडी जेमतेम वारुळाएवढी. आणखी काढली, पुन्हा घेतला. टेकडी वर आली. आणखी काढली, आणि पडद्यावर ती अशी उभी राहिली की मी मराठीतच ओरडले, "अगं बाई, हे बघ! हे बघ केवढं!" शेजारच्या खोलीतले दोघं धावत आले. त्यांना वाटलं मला शॉक बसला.

"काय आहे? काय आहे?" स्टाव माझ्या खांद्यावरून डोकावत होता.

"तुझ्या पिना वाढतात, स्टाव. तू मोजल्यानंतर वाढतात."

"पोलाद वाढतं?"

"वाढतं."

मला वाटलं आता हा नाचेल, पण तो इतकंच म्हणाला, "मग हे लिहून दे त्यांना."

लिहून दिलं असतं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. डब्यातल्या सगळ्या पिना सारख्या नव्हत्या. काहींत ऑस्टेनाइट नावापुरतं, काहींत भरपूर. पोलाद एकच, भट्टी एकच. का, ते सांगता आलं नसतं तर वेन म्हणाला असता, तुमचं मशीनच बिघडलंय. आणि पिना ज्याच्या भट्टीतून यायच्या, तो होता बॅरी.

बॅरी माझा लाडका ग्राहक. जवळच त्याची हीट ट्रीटमेंटची शेड होती. बापाने सुरू केलेली, पोराने जिवापाड जपलेली. रंजना हे नाव त्याच्या जिभेवर चढेना, म्हणून पहिल्या भेटीतच त्याने माझी 'रँज' केली होती. मी पिनांचा विषय काढल्यावर त्याचा चेहरा लाल झाला.

"रँज, लव्ह, माझ्याकडची एक-एक पिन फ्रीझरमधून जाते. आईशप्पथ."

"मला माहीत आहे रे. पण काहीतरी निसटतंय."

"तुझ्या लॅबमध्ये निसटत असेल."

त्याने हाताला धरून मला सगळं दाखवलं. भट्टीचं तापमान बरोबर. तेल स्वच्छ. फ्रीझर उघडला तर माझ्या चष्म्यावर बर्फ. मी एक-एक गोष्ट तपासली आणि प्रत्येक वेळी बॅरीचं म्हणणं खरं निघालं. आठवड्यात दोनदा गेले, बुधवारी, मग गुरुवारी. माझ्यासमोर पिना तेलातून निघाल्या, लगेच फ्रीझरमध्ये गेल्या, तिथून निघून टेम्परिंगच्या ओव्हनमध्ये मंद शेकल्या गेल्या. अगदी पुस्तकात असतं तस्सं! मी त्या पिना लॅबमध्ये नेऊन सोलल्या तर त्याही निर्दोष. इकडे महिनाअखेर जवळ येत होती आणि स्टाव रोज फोन करून एकच शब्द विचारायचा, "सो?"

शुक्रवारी मी बॅरीकडे कधीच जायचे नाही. तो माझा रिपोर्ट लिहायचा दिवस. पण त्या आठवड्यात बॅरीची फूटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, टीम फायनलला पोहोचली होती. त्याने फोन केला, "भांडण विसर. शुक्रवारी आर्वोला बार्बी आहे. ये." म्हणजे दुपारी बार्बेक्यूला ये. आमच्यात भांडण झालंच नव्हतं, पण गेले.

शेडच्या दारात धूर, पावात गुंडाळलेले सॉसेज, वर परतलेला कांदा. गळ्यात टीमचे मफलर घातलेली पोरं एस्कीतून, म्हणजे बर्फाच्या पेटीतून, बिअरचे थंड डबे काढत होती. मी माझा सॉसेज घेतला आणि सवयीने आत डोकावले. तेलाच्या हौदातून पिनांचा ट्रे नुकताच वर आला होता. ट्रे निथळला. ऑपरेटरने तो उचलला आणि फ्रीझरकडे न नेता सरळ ओव्हनमध्ये सरकवला.

"बॅरी!" मी एवढ्या जोरात हाक मारली की बाहेरचे हसायचे थांबले. "ह्या पिना ओव्हनमध्ये का गेल्या?"

"कारण शुक्रवार आहे," बॅरी शांतपणे म्हणाला. "शुक्रवारी दुपारनंतर फ्रीझरवर थांबायला कोणी नसतं. त्या सोमवारी जातील फ्रीझरमध्ये. प्रत्येक पिन जाते म्हणून सांगितलं ना तुला?"

"मग आज ओव्हन कशाला?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी आजच या धंद्यात आले आहे. "कडक केलेलं पोलाद वीकेंडभर तसंच ठेवलं तर तडकतं, लव्ह. म्हणून थोडं शेकून ठेवायचं. माझे वडील तसंच करायचे."

मी हातातल्या सॉसेजसकट त्याला मिठी मारली. सॉस त्याच्या मफलरला लागला.

तुम्हाला सांगते, यात निष्काळजीपणा कुठेच नव्हता. होती ती काळजीच. तडकू नये म्हणून शेकणं अगदी बरोबर. पण मागे राहिलेल्या ऑस्टेनाइटला असा वेळ मिळाला, वरून ऊब मिळाली, की ते पक्कं बस्तान मांडतं. पाहुण्याला जेवणाआधी "निघायचं का?" म्हटलं तर तो निघतो. जेवून, पंख्याखाली लवंडल्यावर म्हणून बघा! सोमवारी त्या पिना त्याच फ्रीझरमध्ये, त्याच थंडीत जायच्या, पण तोवर ऑस्टेनाइट हलायला तयार नसायचं. ते तसंच टूवूंबाला जायचं आणि तिथे सावकाश आपल्या सवडीने बदलायचं. आठवड्याच्या मधल्या पिना शहाण्या आणि शुक्रवारच्या वाढणाऱ्या! आणि तपासायला मी जायचे ते नेमकी आठवड्याच्या मधेच.

बॅरीला हे समजावलं तेव्हा तो सॉसेज तसाच ठेवून भट्टीपाशी जाऊन उभा राहिला. "म्हणजे आमच्यामुळे तो म्हातारा..." एवढंच बोलला. तो ट्रे त्याने तेव्हाच बाजूला काढायला लावला आणि सांगितलं की यापुढे शुक्रवारी दुपारी पिना तेलात जाणार नाहीत. मला फार वाईट वाटलं त्याचं. वडिलांकडून आलेली रीत होती ती, आणि दुसऱ्या कामांना ती अगदी योग्यच होती. बॅरीची शेड आता राहिली नाही. लोक जुनं फर्निचर ठेवतात तसली भाड्याची गोडाऊनं तिथे झाली आहेत. तिथून गाडीने जाताना मी अजून उगीच वेग कमी करते.

माझा रिपोर्ट टूवूंबाला गेला आणि वेनचा फोन आला. "मेट, माझ्या शेल्फवर पोलाद वाढत नाही. इथे भोपळे वाढतात."

त्याच्या जागी मीही कदाचित तेच म्हटलं असतं. आलेखावरची टेकडी बघून मी ओरडते, म्हणून सगळ्यांनी ओरडावं असं थोडंच आहे? मी त्याला म्हटलं, मी तिथे येते आणि तुझ्या डोळ्यांसमोर पिन वाढवून दाखवते. आणि आधीची मापं स्टाव घेईल, तुझ्या मापाच्या खोलीत, सगळ्यांसमोर. वेन म्हणाला, आण त्याला. मी हे स्टावला सांगितलं. मला वाटलं होतं हा उडी मारेल. "सगळ्यांसमोर?" त्याने विचारलं, आणि मग, बऱ्याच वेळाने, "ठीक आहे."

आम्ही विमानाने ब्रिस्बेन गाठलं आणि तिथून भाड्याच्या गाडीने घाट चढून टूवूंबाला पोहोचलो. वाटेत मी बोलत होते आणि स्टाव खिडकीबाहेर बघत होता. पिनांना मोठी थंडी द्यायला मला लिक्विड नायट्रोजन हवा होता. बॅरीच्या फ्रीझरला जे ऑस्टेनाइट दाद देत नव्हतं, त्यातलं बरंचसं या थंडीपुढे मान टाकणार, याची मी लॅबमध्ये खात्री करून घेतली होती. विमानात असलं काही नेता येत नाही. पण टूवूंबा म्हणजे गाईगुरांचा मुलुख! आपल्याकडे जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलच्या मागे ते जाडजूड भांडं बांधून फिरतात ना, बैलांचं बीज गोठवून ठेवलेलं? त्यात हाच नायट्रोजन असतो. तिथला तसाच एक माणूस मी फोनवर गाठून ठेवला होता. तो यूटमधून, म्हणजे मागे उघड्या छोट्या ट्रकमधून, भांडं घेऊन आला आणि म्हणाला, "कुठल्या ब्रीडसाठी पाहिजे?" मी म्हटलं, पोलादाच्या. तो तमाशा बघायला थांबला.

मापाच्या खोलीत वेन हाताची घडी घालून उभा होता. उंच, लालसर दाढीचा, कंटाळलेला. त्याची चार माणसं भिंतीला टेकून होती. मी दोन पिना टेबलावर ठेवल्या. एक बुधवारची, तिला निळी खूण. दुसरी शुक्रवारची, बिनखुणेची. स्टावने स्वतःचा मायक्रोमीटर काढला, रुमालाने पुसला, आणि पहिली पिन धरली. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने माप सांगितलं. वेनने तीच पिन त्यांच्या मोठ्या मशीनवर लावली. माप तेच! दुसरी पिन, पुन्हा तेच. दोन्ही पिना स्लीव्हमध्ये सुळकन सरकल्या.

"आजचं माप बरोबर आहे," वेन म्हणाला. "आजचं."

मी दोन्ही पिना चिमट्याने नायट्रोजनमध्ये सोडल्या. भांड्यातून खदखदून पांढरी वाफ उसळली आणि टेबलावरून जमिनीवर ओघळली. खदखद थांबल्यावर थोडं थांबून पिना बाहेर काढल्या, तर त्यांच्यावर क्षणात बर्फाची साय धरली. वेनने जाड हातमोजे घातले, बर्फ पुसला, शुक्रवारची पिन स्लीव्हवर धरली. पिन खाली टणकन पडली. आधीपेक्षाही सैल!

"ही तर लहान झाली," तो म्हणाला आणि त्याची माणसं हसली.

"थंड आहे ती. थंडीत सगळंच आकसतं. खोलीइतकी गरम होऊ दे. तोवर चहा पाज."

चहा आला. मी जास्तच बडबड केली. लॅबमध्ये जमलेलं लोकांसमोर जमेलच असं नसतं. स्टावने चहाला हात लावला नाही. तो त्या दोन पिनांसमोर बसून राहिला, आणि वेनने एकदा पिनेला हात लावला तेव्हा म्हणाला, "अजून नाही."

मग पिना खोलीइतक्या गरम झाल्या. वेनने आधी निळी खूण असलेली उचलली. सुळकन सरकली. त्याने शुक्रवारची उचलली, स्लीव्हच्या तोंडावर ठेवली. ती तिथेच बसली. त्याने अंगठ्याने दाबलं. पिन हलली नाही. त्याने स्लीव्ह बदलली, पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा पडेपर्यंत.

"ब्लडी हेल," वेन म्हणाला.

मोठ्या मशीनवर लावली, तर पिन जाड झाली होती. तीच पिन, त्याच खोलीत, आमच्या डोळ्यांदेखत! मी टाळ्या वाजवल्या, अगदी शाळेतल्या पोरीसारख्या. नायट्रोजनवालाही टाळ्या वाजवत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा आनंद क्वचित झाला आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण नाही.

वेन सरळ माणूस निघाला. भिंतीपाशी उभ्या असलेल्या आपल्या माणसांदेखत तो स्टावसमोर आला आणि हात पुढे केला. "सॉरी, मेट. ते पत्र मी लिहिलं होतं. तुझ्या मालकाला आजच फोन करतो." स्टावने हात मिळवला, "नो वरीज" म्हणाला, मायक्रोमीटर रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि बाहेर निघून गेला.

सामान आवरून मी पार्किंगमध्ये आले तर तो गाडीला टेकून फोनवर मोठमोठ्याने ग्रीकमध्ये बोलत होता. मला त्यातला एकच शब्द कळत होता, "ऑस्टेनाइट". पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा वेगळा. मला बघून त्याने फोन माझ्या हातात दिला. "एलेनी. माझी बायको. तिच्याशी बोल."

पलीकडून घाईघाईचा आवाज आला. "तू एक्सरेवाली? ऐक. त्याचे डोळे चांगले आहेत?"

"उत्तम आहेत. का?"

"कारण डोळ्यांचा डॉक्टर पण हेच म्हणाला. मग दुसरा म्हणाला. हा म्हणतो, डॉक्टरांना काही कळत नाही, माझे डोळे गेले. रात्री टेबलाशी बसून स्वयंपाकघरातल्या चमच्यांची जाडी मोजतो. सगळ्यांना ओरडून सांगतो, माझं माप बरोबर आहे. घरी येऊन मला सांगतो, एलेनी, बहुतेक माझंच चुकतंय."

मी स्टावकडे पाहिलं. इतके दिवस मला वाटत होतं की आम्हाला वेनला पटवायचं आहे.

"तू सांग त्याला," एलेनी म्हणाली. "तुझं ऐकेल."

मी फोन तसाच चालू ठेवून, ती ऐकेल अशा आवाजात म्हटलं, "स्टाव, तुझे डोळे चांगले आहेत. हातही चांगले आहेत. एकही पिन तू चुकीची मोजली नाहीस."

तो खाली बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं.